शिडीची चौकट



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या मुद्रेवर स्मित उमटलें असेल. पिकअप ट्रकवर शिडी वाहून नेण्यासाठीं जी चौकट बसवितात, ती सुबक आणि काढतां-घालतां येण्याजोगी कशी निवडावी, हा का सुशिक्षित कुटुंबांनीं कान देऊन ऐकण्याचा विषय? आपल्याकडे रंगाऱ्याची शिडी टेंपोंतून जाते. दोन टोकांना दोरीचे चार वेढे दिले म्हणजे काम झालें, अशी आपली समजूत. परंतु ज्या अमेरिकेंत हा प्रश्न मुळांत उत्पन्न झाला, तेथें तो केवळ सामान वाहण्याचा राहिलेला नाहीं. एकाच गाडीला तेथें दोन संसार करावे लागतात, आणि हा प्रश्न त्यांतून निघाला आहे.

फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला मागें उघडा हौदा जोडून ती कारखान्यांतूनच तयार विकावयास आरंभ केला. शेतकरी, सुतार, रंगारी, वीजकामगार यांची ती सोबतीण झाली. पुढें ती गृहस्थाचीही झाली. आठवड्याचे पांच दिवस जी गाडी छपरें दुरुस्त करणाऱ्याचें सामान वाहते, तीच रविवारीं त्याच्या मुलांना घेऊन सहलीस जाते. आतां तिच्या हौद्याची लांबी पाहा. ती साधारणतः साडेपांच, साडेसहा किंवा आठ फूट असते. उलट, एकावर एक सरकणाऱ्या दोन भागांची २४ फुटी शिडी मिटविली तरी १२ फुटांच्या खालीं येत नाहीं. हौद्यांत ती मावावयाची नाहीं. गाडीच्या डोक्यावरूनच न्यावी लागणार. यासाठीं हौद्याच्या कडांवर चार पाय रोवून त्यांवर दोन आडव्या दांड्या टाकतात. हीच शिडीची चौकट.

मग ती कायमचीच कां बसवूं नये? याचें एक उत्तर घराच्या दारांत मिळतें. तेथील गॅरेजचा दरवाजा बहुधा ७ फूट उंच असतो. मोठी पिकअप गाडी त्यांतून कशीबशी आंत जाते. वर चौकट असली तर जात नाहीं. दुसरें उत्तर शेजाऱ्यांपाशीं आहे. अनेक वसाहतींत घरमालकांच्या संघाचा असा नियम असतो कीं, धंद्याची गाडी रात्रीं दारापुढें उभी करूं नये. आणि गाडी धंद्याची आहे हें ओळखावयाचें, तें पुष्कळदां तिच्यावरील नांवाची पाटी व शिडीची चौकट पाहून. ज्या श्रमाच्या बळावर मनुष्यानें घर घेतलें, त्या श्रमाची खूण त्याच घराच्या दारांत झांकावी लागावी, हा नियम मला उदारपणाचा वाटत नाहीं. तथापि नियम आहे तोंवर त्या कारागिराला रोज संध्याकाळीं चौकट उतरविण्यावांचून गत्यंतर नाहीं. चौकटीची निवड त्याच्या दृष्टीनें चैनीची बाब नव्हे.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. ‘काढतां येते’ असें दुकानदार प्रत्येक चौकटीविषयीं सांगतो, आणि तें खोटेंही नसतें. सोळा बोल्ट सोडवून दोघांनीं उचलली तर कोणतीही चौकट निघते. पण जी काढावयास तासभर लागतो ती पहिला आठवडा निघते आणि पुढें कायमची राहते. उलट जी झटकन निघते ती पुष्कळदां झटकन सैलही होते. म्हणून माझें सांगणें असें कीं, चौकटीचें रूप मागाहून पाहावें. आधीं ती गाडीला जेथें जोडली जाते तो सांधा पाहावा.

हे सांधे मुख्यत्वें चार प्रकारचे असतात. पहिला प्रकार हौद्याच्या कडेला भोंकें पाडून बोल्ट आंवळण्याचा. हा भक्कम खरा. परंतु चौकट काढली तरी भोंकें राहतात आणि त्यांतून गंज शिरतो. दुसरा प्रकार जुना व सोयीचा आहे. पूर्वीं हौद्याला लांकडी फळ्यांचे कठडे लावीत, आणि त्यांचे खुंट रोवण्यासाठीं कडांत चौकोनी खोबणी ठेवीत. कित्येक गाड्यांत त्या खोबणी अजून असतात. त्यांत चौकटीचे पाय बसवून आंतून पेंच आंवळला म्हणजे भोंक न पाडतां काम भागतें. तिसरा प्रकार कडेला शिकंज्यानें पकडण्याचा, आणि चौथा हौद्याच्या कडेस बसविलेल्या खांचेच्या रुळांत पाय सरकवून घट्ट करण्याचा. रोज काढघाल करावयाची असेल तर शेवटचा प्रकार सर्वांत सुखाचा. शिकंजा घ्यावयाचा झाल्यास त्याचा जबडा रुंद असावा आणि त्याखालीं रबराची गादी असावी. नाहींतर रंग खरचटतो, आणि शिकंजाही घसरतो.

धातूचा विचार त्यानंतर येतो. ॲल्युमिनियम हें पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश वजनाचें असतें; एकट्यानें उचलावयाच्या वस्तूस हा मोठाच गुण. मात्र त्याचा ताठपणाही तितक्याच प्रमाणांत कमी, म्हणून त्याची दांडी जाड व खोल घडणीची पाहून घ्यावी. अमेरिकेच्या थंड प्रांतांत हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात. त्या खाऱ्या ओलाव्यांत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांस टेकलें कीं ॲल्युमिनियम खाल्लें जातें. फोर्डच्या ‘एफ-१५०’ गाडीचा बाहेरील पत्रा व हौदा २०१५ च्या नमुन्यापासून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा झाला आहे. अशा गाडीवर पोलादी चौकट घातल्यास दोहोंमध्यें रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा असलाच पाहिजे.

आतां सौंदर्याकडे वळूं. चौकट देखणी दिसते ती नक्षीमुळें नव्हे. पुढची दांडी टपाच्या किंचितच वर, टपाला समांतर असावी. पायांचा कल गाडीच्या मागील खांबांच्या कलाशीं जुळावा. रंग काळा किंवा गाडीच्या रंगाचा, एकसारखा भाजून बसविलेला असावा. आणि बोल्टांचीं डोकीं बाहेर डोकावूं नयेत. असें असलें म्हणजे ती चौकट गाडीबरोबरच जन्मली असें वाटतें. मागील दांडी मात्र टपाच्या पाठीमागें मध्यभागीं असणाऱ्या तिसऱ्या तांबड्या दिव्याआड येतां कामा नये. १९९४ च्या नमुन्यांपासून तो दिवा तेथील हलक्या ट्रकांना सक्तीचा आहे, आणि मागून येणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. गोल दांड्या वाऱ्यांत शीळ घालतात. त्यांच्याभोंवतीं नागमोडी दोर गुंडाळला कीं ती बरीच थांबते.

शेवटीं सुरक्षिततेविषयीं. चौकटीवर ५०० पौंड, ८०० पौंड असे आंकडे छापलेले असतात व गिऱ्हाईक त्यांवर भुलतें. दोन शिड्यांचें वजन त्याच्या जवळपासही जात नाहीं. खरी परीक्षा ब्रेकच्या धक्क्यानें आणि वाऱ्यानें होते. वेग ३० मैलांवरून ६० मैलांवर गेला कीं वाऱ्याचा जोर दुप्पट न होतां चौपट होतो. म्हणून शिडी दोन्ही दांड्यांना न ताणणाऱ्या विणीव पट्ट्यांनीं आंवळावी. ताणणारे रबरी दोर यासाठीं निरुपयोगी. पट्ट्याला एक पीळ दिला तर तो वाऱ्यांत गुणगुणत नाहीं. तेथील व्यापारी वाहनांच्या नियमांप्रमाणें माल मागें ४ फुटांहून अधिक निघाल्यास १८ इंच चौरस तांबडें किंवा नारिंगी झळाळतें निशाण लावावें लागतें. आणि मोठ्या मालगाडीच्या चालकानें पहिल्या ५० मैलांच्या आंत थांबून बांधणी तपासावी लागते. घरगुती गाडीवाल्यानेंही हीच संवय लावून घ्यावी. रोज उतरणाऱ्या चौकटीचा सांधा रोज नव्यानें बसतो, हें विसरूं नये. महामार्गावर निसटलेली शिडी मागच्या गाडीच्या कांचेवर आदळते, तेव्हां चूक एकाची असते आणि शिक्षा दुसऱ्याला होते.

तेव्हां दुकानांत शिरल्यावर विचारावयाचा प्रश्न एकच: एक मनुष्य, एक पाना आणि दहा मिनिटें, एवढ्यांत ही चौकट उतरते काय, आणि तितक्याच वेळांत पहिल्याइतकी घट्ट पुन्हां बसते काय? तोंडी उत्तरावर विसंबूं नये. दुकानदाराला तें करून दाखवावयास सांगावें. ज्या चौकटीची ही परीक्षा उतरेल ती दोन पैसे अधिक देऊनही घ्यावी. संध्याकाळीं ती गॅरेजच्या भिंतीला टांगली कीं गाडी घरची झाली. सकाळीं पुन्हां चढविली कीं कामाची.