चालतो रोजच, फिरतो कधी?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बचत गटांच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या पत्रकावर माझा विषय 'स्त्रिया आणि फिरणं' असा छापलाय. तो वाचून काहीजणी हसल्या, असं मला गटाच्या ताईंनी सांगितलं. "आम्हाला काय चालायला शिकवतीय ही? दिवसभर पायाला भिंगरी असती आमच्या!" अगदी खरं आहे. सुप्याकडच्या जिरायती भागातल्या बाया इथं आहेत. उन्हाळ्यात हंडा-कळशी घेऊन त्यांच्या किती खेपा होतात, ते त्यांनाच माहीत. कालव्याच्या बागायती भागात पाणी दाराशी आलं, पण खुरपणीला, डाळिंबाच्या बागेत, गवताच्या भाऱ्यासाठी जाणं-येणं आहेच. ऊसतोडीला आलेल्या बायांचं तर विचारूच नका.

पण या सगळ्या चालण्याकडे जरा नीट बघा. डोक्यावर काहीतरी असतं, नाहीतर कडेवर कोणीतरी असतं. मागं एक काम राहिलेलं असतं आणि पुढं दुसरं वाट बघत असतं. रिकाम्या हातानं, कुठलंही काम नसताना, नुसतं बरं वाटतं म्हणून आपण शेवटचं कधी चाललो? हा प्रश्न मी अनेक गटांत विचारलाय. लग्नाआधीचं, शाळेच्या वाटेवरचं चालणं बहुतेकींना आठवतं. त्यानंतरचं आठवत नाही.

याचं कारण नुसतं काम नाही. आपली भाषाही बघा. गडी म्हणतो, "जरा फिरून येतो." कोणी विचारत नाही, कुठं आणि कशाला. तेच बाईनं केलं तर ती 'भटकभवानी', 'उंडगी'. 'ती गावभर फिरते' एवढं म्हटलं तरी पुढचं काही बोलावं लागत नाही. भटकणाऱ्या पुरुषाला अशी शिवी आहे का? मला तरी सापडलेली नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांबद्दल 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ साली लिहिलं. रस्त्यावर दिसणाऱ्या बाईकडे सतत काहीतरी कारण असावं लागतं, हे त्यांना शहरात दिसलं. आपल्या गावात त्याहून वेगळं नाही. पिशवी हातात असली की बाई बाजाराला चाललीय. पिशवी नसली की प्रश्न सुरू होतात.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडची रीतच तशी, बाईमाणसानं उगीच चालायचं नसतं. याला उत्तर देणारी गोष्ट दरवर्षी आपल्या दारावरून जाते. १६८५ साली तुकाराममहाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखीसोहळा सुरू केला. देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातला मोठा टप्पा आपल्याच दोन तालुक्यांतून जातो. रोटी घाट चढून उंडवडी, मग बारामती. पुढं काटेवाडीत परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण. सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. शेवटी सराटीला नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा. या वाटेवर हजारो बाया पायी चालतात. कोणी त्यांना भटकभवानी म्हणत नाही. 'माऊली' म्हणतात आणि पाया पडतात.

दिंडीकडे क्षणभर देव बाजूला ठेवून बघा. बायांना चालता यावं म्हणून लागतं ते सगळं तिथं आहे. सोबत आहे. ठरलेली वाट आणि ठरलेला मुक्काम आहे. दिंडीला नंबर आहे, त्यामुळे मागं राहिलेली बाई विचारत विचारत आपल्या दिंडीत पोचते. सामान ट्रकमध्ये असतं. पैसे आधीच गोळा केलेले असतात, त्यामुळे रोज कोणापुढं हात पसरायला लागत नाही. बेलवाडीच्या किंवा इंदापूरच्या रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावताना तुम्ही पाहिल्या असतील. साठी उलटलेल्या बाया भर मैदानात हजारो लोकांसमोर धावतात आणि लोक कौतुकानं बघतात. त्याच बाया एरवी गावातल्या रस्त्यानं धावल्या तर लोक काय म्हणतील? बाई बदललेली नाही, रस्ताही तोच आहे. सोबत आणि मान्यता असली की तेच पाय मोकळे होतात, एवढाच याचा अर्थ.

मात्र वारीत सगळं आलबेल आहे, असं मला म्हणायचं नाही. दिवसभर चालून आल्यावर पालात चूल कोण पेटवतं? पुष्कळ ठिकाणी बायाच. गडी कीर्तनाला बसतात तेव्हा त्या भाकरी थापत असतात. वारीला जायला मिळतं तेही मुख्यतः सुना हाताखाली आलेल्या सासूला. सुनेनं 'मी जाते' म्हटलं की घराची घडी विस्कटते. पाळीच्या दिवसांची चोरी, संडासासाठी अंधार पडायची वाट बघणं आणि त्यासाठी पाणी कमी पिणं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. राज्य महिला आयोगानं २०२२ साली 'आरोग्य वारी' हा उपक्रम सुरू केला. वाटेवर बायांसाठी सोयी असाव्यात, सॅनिटरी पॅड मिळावेत, हा त्यातला विचार. ही चांगली सुरुवात झाली. पण सोहळा १६८५ चा आणि बायांच्या पाळीचा विचार २०२२ साली, या दोन सालांमधलं अंतरही लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. इरावतीबाई कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. 'परिपूर्ती' या १९४९ सालच्या पुस्तकातल्या 'वाटचाल' या लेखात त्यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. एकत्र चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, याची खंत त्यांना वाटली. तेव्हा नुसतं एकत्र चाललं म्हणजे भेद मिटतात, असं नाही. जेवायला कोण कोणाशेजारी बसतं, हेही बघावं लागतं.

हे सगळं डोक्यात ठेवून आमच्या काही गटांनी गेली काही वर्षं एक छोटा उपक्रम चालवलाय. उन्हाळ्यात महिन्यातून एक रविवार फिरायला जायचं. पालखी आषाढात येते, आम्ही चैत्र-वैशाखात निघतो. शेताची कामं तेव्हा त्या मानानं कमी असतात आणि शाळेला सुट्टी असल्यानं मुलीही येतात. ऊन कडक असतं, म्हणून दिवस उजाडायच्या आत निघायचं आणि नऊच्या आत सावलीला टेकायचं. सात-आठ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. कडबनवाडीच्या माळावर गेलो, तिथं चिंकारा हरणं दिसली. मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. नीरा नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमावर गेलो. आपल्याच तालुक्यांतली ही ठिकाणं, पण निम्म्या बायांनी ती पहिल्यांदा पाहिली. त्यांच्या घरचे पुरुष मोटारसायकलवरून कितीदा जाऊन आलेले होते.

पहिली अडचण वाटेवर आली नाही, घरातच आली. घरच्यांनी विचारलं, "कुठल्या देवाला?" देवाला म्हटलं की परवानगी मिळते. काहीजणी म्हणाल्या, संगमावर देऊळ आहेच की, देवाला चाललोय असंच सांगू. त्यावर गटात बरीच चर्चा झाली. एक मावशी म्हणाल्या, "आज देवाचं नाव सांगितलं, तर पुढच्या खेपेला माळावर जाताना कुणाचं सांगायचं?" मग ठरलं की सरळ सांगायचं, फिरायला चाललोय. त्या खेपेला सात जणी गळाल्या. पुढच्या वेळी त्यातल्या पाच परत आल्या, आणि त्यातली एक सासूला घेऊन आली.

नियम आम्ही थोडेच ठेवले. कोणी कोणाचं ओझं वाहायचं नाही. सगळ्यांत हळू चालणारी बाई पुढं, बाकीच्या तिच्या मागं. घरच्यांचा दिवसभराचा स्वयंपाक करून यायचं नाही, त्या दिवशी घरातल्यांनी आपलं आपण बघायचं. आपल्यापुरता डबा आणायचा आणि सगळे डबे एकत्र उघडायचे. हा शेवटचा नियम सगळ्यांत अवघड गेला. पहिल्या खेपेला दोघी-तिघींनी उपास असल्याचं सांगितलं. उपास कसला होता, ते सगळ्यांना कळलं. कोणी त्यांना टोकलं नाही, पण नियमही बदलला नाही. त्यांचे उपास पुढं आपोआप सुटले. आता वस्तीतल्या बायांचा ठेचा सगळ्यांत आधी संपतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं आणि पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं. ते बघायला आम्ही गेलो. जमिनीला भेगा पडलेल्या होत्या, वाळलेल्या गाळातून वाट काढत चालावं लागत होतं. बरोबर सत्तरीच्या घरातल्या एक आजी होत्या. देवळाशी सगळ्या थांबलो, पण त्या थांबल्या नाहीत. पुढं जाऊन एका दगडांच्या ढिगाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं आमचा उंबरा होता." धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या अंगावरचं लेकरू घेऊन या गावातून निघाल्या होत्या. पाणी पूर्वीही असं खाली गेलं होतं. तेव्हा घरातले पुरुष जाऊन बघून आले, आता नातवंडांनी मोबाईलवर फोटो दाखवले. पण "आजी, तुम्ही येता का?" असं त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. त्या तिथं बराच वेळ बसल्या. विहीर कुठं होती, जातं कुठं होतं, कोणाची म्हैस कुठं बांधलेली असायची, सगळं त्यांनी आम्हाला दाखवलं. धरणग्रस्तांच्या नोंदी सातबाऱ्यावरून झाल्या. सातबाऱ्यावर आजींचं नाव नव्हतं. त्यांचं गाव त्यांच्या पायांना ठाऊक होतं, आणि ते पाय इतकी वर्षं तिथं पोचले नव्हते.

म्हणून मला वाटतं, फिरणं ही चैनीची गोष्ट नाही. ज्या जमिनीवर आपण राबतो, ती स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या वेळेत बघायचा हा हक्क आहे.

आणि वेळेचं म्हणाल, तर सरकारचेच आकडे सांगते. केंद्राच्या सांख्यिकी खात्यानं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. २०१९ साली घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदला घरकामात जात होती. २०२४ साली ती २८९ झाली. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली. पुरुषांची ९७ होती, ती ८८ झाली. हेसुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांचीच सरासरी. लेकरांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, तिचा हिशोब वेगळा. तेव्हा महिन्यातल्या एका सकाळीचे चार तास आपण मागतोय, ते काही कोणावर उपकार म्हणून मागत नाही.

जाता जाता तीन गोष्टी सुचवते. पहिली, प्रत्येक गटानं येत्या चैत्रात एक सकाळ ठरवावी. गावाच्या पाणंदीनं ओढ्यापर्यंत गेलात तरी चालेल. पाणी बरोबर घ्या, डोकं झाका, कोणाला चक्कर आली तर सगळ्यांनी थांबा. दुसरी, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्या सभेत मागणी करा की बायांना चालता येईल अशा रस्त्याला दिवे हवेत, एसटी थांब्याजवळ चालू स्थितीतला संडास हवा. पालखीमार्ग रुंद झालाय, त्याच्या कडेनं सावलीची झाडं हवीत. पालखी गेल्यावरही या रस्त्यानं बाया चालणार आहेत. तिसरी, तुमच्यापैकी ज्या वारीला जातात त्यांनी आपापल्या दिंडीत स्वयंपाकाची पाळी लावायचा विषय काढावा, आणि त्या पाळीत गड्यांची नावंही घालावीत.

घरी कोणी विचारलं, "कशाला चाललीस?" तर मोठं भाषण करू नका. "फिरायला," एवढंच सांगा आणि चपला घाला.