घाई, लाज आणि लुबाडणूक



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी आपल्या व्याख्यानमालेची परंपरा आहे. मी सातवी पास झालो आणि यंत्रमागावर उभा राहिलो; पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळता चाळता. तेव्हा मोबाईलवरील खरेदीत होणाऱ्या फसवणुकीवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे आपण विचाराल. अधिकार एवढाच की, मी स्वतः फसलो आहे.

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाईलवर जाहिरात दिसली. शिलाई यंत्र, किंमत ९,००० रुपये. फक्त आज रात्री बारापर्यंत १,९००. घरच्या मंडळींना यंत्र बरेच दिवस हवे होते. मी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘माल निघाला आहे, २,५०० रुपये अनामत भरा, माल पोहोचताच परत मिळेल.’ तीही भरली. तिसऱ्या दिवशी तोच मनुष्य म्हणाला, ‘अनामत परत देतो. हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.’ मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘बाबा, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?’ तेव्हा माझे डोळे उघडले. तो बुधवार होता.

मी हे कोणाला सांगितले? कोणालाही नाही. ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ म्हणून कामगारांना तीस वर्षे बजावत आलेला मी. ४,४०० रुपयांना बनलो हे सांगायला जीभ उचलेना. पुढच्या मंगळवारी कांडी भरण्याचे काम करणाऱ्या आमच्या एक सभासद बाई कचेरीत आल्या. तेच यंत्र, तीच जाहिरात, तेच ‘फक्त आज’. बोनसमधले पैसे त्यांनी शनिवारी भरले होते. मी बुधवारी बोललो असतो तर त्यांचे पैसे वाचले असते. माझे पैसे चोराने नेले. त्यांचे नेण्यात माझ्या लाजेने त्याला हातभार लावला. आजचे भाषण हे त्याचे प्रायश्चित्त समजा.

नंतर मी विचार करू लागलो की, ही लूट चालते कशी? आम्हा युनियनवाल्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. मालकाला कामगारांकडून नको त्या कागदावर सही घ्यायची असली, म्हणजे तो सर्वांना एकत्र बोलावीत नाही. एकेकाला केबिनमध्ये बोलावतो आणि म्हणतो, ‘आत्ताच काय ते सांग.’ मोबाईलवरचा ठग नेमके हेच करतो. बाजारात आपण शेजारणीला घेऊन जातो, चार दुकाने फिरतो, माल हातात घेऊन पाहतो. येथे आपण एकटे असतो, बहुधा रात्री, आणि समोर घड्याळ धावत असते. घाई आणि एकटेपणा, या दोन चाकांवर त्याची गाडी चालते.

म्हणून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. यूपीआयचा पिन हा आपल्या खात्यातून पैसे बाहेर जाण्यासाठी असतो. पैसे येण्यासाठी पिनही लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. ओटीपी ही आपल्या तिजोरीची किल्ली आहे; ती मागणारा बँकेचे नाव सांगो की पोलिसांचे, देऊ नका. दुकानाचा तक्रारीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. तेथे ठगांनीही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. ज्या ॲपवर खरेदी केली त्यातच तो पाहा. कोणी ‘मदतीसाठी’ दुसरे ॲप उतरवून घ्या म्हणाला, तर फोन बंद करा. अशा ॲपमधून आपला पडदा त्याला दिसू लागतो. नामांकित दुकानाच्या पत्त्यात एखादे अक्षर बदलून बनावट दुकान उभे करता येते, म्हणून जाहिरातीवरून आत शिरू नका. आणि माल दारात आल्यावर पैसे देण्याची पद्धत बरी असली, तरी घरात कोणी मागवलेच नाही अशा पुडक्याचे पैसे देऊ नका.

आता कायद्याविषयी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा दुकानाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव दाखवले पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे, आणि एका महिन्यात निकाल लावला पाहिजे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, तिचा नंबर १९१५. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात फिर्याद करता येते. विक्रेत्याच्या गावी हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

परंतु हा कायदा ज्याला पत्ता आहे त्याच्यासाठी. ज्याचा पत्ताच नाही त्याच्याविरुद्ध एकच हत्यार आहे, आणि ते म्हणजे तातडी. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर त्याच घटकेला लावा आणि बँकेलाही कळवा. चोरीचा पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत असतो. तो वाटेत असेतोवरच अडवता येतो. ठगाच्या घाईत सापडू नये. तक्रारीची घाई मात्र अवश्य करावी. त्या बाई आणि मी मंगळवारी तक्रार केली. तोवर माझे सहा दिवस वाया गेले होते, त्यांचे तीन. आमचे पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गाव आहे. १८४४ साली तेथील २८ जणांनी, ज्यांत आमच्यासारखे विणकर पुष्कळ होते, थोडी थोडी पुंजी जमवून स्वतःचे दुकान उघडले. भेसळ आणि खोटी मापे यांनी गरीब गिऱ्हाईक नाडले जात होते. ‘तू सावध राहा’ असे एकेकट्याला सांगून ते थांबले नाहीत. एकत्र उभे राहिले. सहकारी चळवळीच्या इतिहासात त्या लहानशा दुकानाला मानाचे स्थान आहे.

आम्हीही आमच्यापुरते एक लहान काम सुरू केले आहे. युनियनच्या कचेरीत एक फळा टांगला आहे. कोणी फसला, की कसा फसला ते त्यावर लिहायचे, फसलेल्याचे नाव लिहायचे नाही. पहिली नोंद माझी, आणि तिच्याखाली मात्र मी माझे नाव घातले आहे. शिवाय, अनोळखी ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी कोणा एकाला तरी मोबाईल दाखवायचा, असा आम्ही नियम केला आहे. एवढ्याने चोर संपणार नाहीत. परंतु फसवणूक हा चोराचा गुन्हा आहे, फसलेल्याचा नव्हे, हे एकदा मनात ठसले, की तोंडाचे कुलूप निघते.

आपल्या आळीत, वाड्यात, भिशीत असा एक फळा टांगाल का? खडूला फार पैसे पडत नाहीत.