गणवेशातील सत्ता



मुसोलिनी आणि हिटलर यांना आपण एकाच मापाने मोजतो. परंतु त्यांच्या विचारसरणी एकरूप नव्हत्या. मुसोलिनीने राज्यसंस्थेला सर्वस्व मानले, हिटलरने वंशाला. न्यूरेंबर्गचे वंशकायदे १९३५ साली झाले. इटलीत तसे कायदे १९३८ साली आले. व्यवहार मात्र सारखा होता. गणवेशधारी दलांनी विरोधकांना रस्त्यावर ठेचावे आणि शासनयंत्रणेने काणाडोळा करावा, हा क्रम दोन्हीकडे दिसतो.

हा क्रम आपल्या बीदर-कलबुर्गीला परका नाही. निजामी अमलात कासीम रझवीच्या रझाकारांनी मे १९४८ मध्ये गोरटा गावी हत्याकांड केले. वंशपरंपरागत राजेशाहीला सरसकट फॅसिस्ट म्हणणे मला शास्त्रशुद्ध वाटत नाही. तथापि दल आणि शासन यांचे नाते तेच होते. रझाकारांना विरोध करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. ते स्वतः मुसलमान होते, हे विसरू नये.

सप्टेंबरमधील पोलिस कारवाईनंतर याच भागात निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत बीदर व गुलबर्गा यांची गणना केली. आपल्या सभांतून गोरट्याचे स्मरण होते. या मृतांचे क्वचितच होते.

मित्रहो, ज्या गुरुजींच्या स्मृतीस आपण आज वंदन करतो, त्यांच्या शाळेतून अर्धा इतिहास बाहेर जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.