भागीदार की कामगार?



आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलं आज अ‍ॅपवर रिक्षा-टॅक्सी चालवतात, घरोघरी जेवण पोचवतात. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. शब्द मानाचा वाटतो. पण मी विचारतो, हा कसला भागीदार? भाडं कंपनी ठरवते, कमिशन कंपनी ठरवते, आणि उद्या आयडी बंद झाली तर दाद कुणाकडे मागायची, हेही कळत नाही.

हाच प्रश्न यासीन अस्लम, जेम्स फरार आणि त्यांच्या सहकारी टॅक्सीचालकांनी लंडनमध्ये उबरविरुद्ध मांडला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचं सार सोपं आहे: करारात कंपनीने काय लिहिलं यावर अडून राहायचं नाही, प्रत्यक्षात ताबा कुणाचा आहे ते बघायचं. त्यामुळे किमान वेतन आणि पगारी रजा हा चालकांचा हक्क ठरला. अ‍ॅप सुरू ठेवून भाड्याची वाट पाहण्याचा वेळही कामाचा वेळ धरला गेला.

आपल्याकडे काय? सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांचा उल्लेख आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. राजस्थानने तर २०२३ मध्येच स्वतंत्र कायदा केला.

हे पाऊल चांगलंच आहे. पण मेख इथे आहे: ही संहिता या कामगारांना मालक-नोकर नात्याबाहेरच ठेवते. म्हणजे विमा मिळेल, पण किमान वेतनाची हमी नाही. कल्याण योजना आणि कामगाराचा हक्क यांत फरक आहे, तो आपण विसरू नये.

म्हणून तीन गोष्टी करा. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. कमाई, कपात आणि आयडी बंद झाल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि संघटना बांधा, पण ती एकट्या आपल्या समाजाची नको. कमिशन सगळ्यांचंच कापलं जातं, तेव्हा मागणीही सगळ्यांनी मिळूनच करायला हवी. संघटना करण्याचा अधिकार संविधानाने दिलेला आहे, तो वापरा.