जाहिरातींची पानं फाडू नका



बंगळुरूत राहून मराठीत घरांचा विचार करणाऱ्या आपल्या या मेळाव्यात मला एकाच गोष्टीविषयी कळकळीनं बोलायचं आहे. १९३५ ते १९६० या काळातली घरं आपल्या डोळ्यांदेखत पाडली जात आहेत, आणि त्यांची हकीकत सांगणारी नियतकालिकं रद्दीच्या भावानं चालली आहेत.

या शहराचं त्या काळाशी जवळचं नातं आहे. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेले ओटो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि सरकारी वास्तुविशारद झाले. टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेच्या, आवारातलं त्यांचं काम आजही पाहता येतं. ऊन कुठून येतं, वारा कुठून वाहतो, हे आधी पाहायचं आणि मग रेघ मारायची, ही त्यांची रीत. १९४६ मध्ये मुल्कराज आनंद यांनी टाटांच्या पाठबळावर मुंबईत ‘मार्ग’ हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हा त्या वर्तुळात कोनिग्सबर्गरही होते. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशानं कशा घरात राहावं, हा प्रश्न ‘मार्ग’नं शिल्प आणि नृत्याच्या पंक्तीला बसवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण सामान्य माणसाचं घर ‘मार्ग’मध्ये फारसं सापडत नाही. त्यासाठी पुण्याच्या आर. एस. देशपांडे यांच्याकडे जावं लागतं. मध्यमवर्गासाठी स्वस्त आणि निरोगी घरं हा विषय त्यांनी १९३५ मध्येच पुस्तकातून इंग्रजीत मांडला. दोन वर्षांनी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेनं आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं. प्रदर्शनातलं घर ऐपतवाल्यांचं होतं. देशपांडे हिशेब करून घर बांधणाऱ्याशी बोलत होते. माझा ओढा देशपांड्यांकडे आहे.

आता जाहिरातींविषयी. अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. लेख तेवढे राहिले, आणि घराच्या इतिहासाचा निम्मा पुरावा टोपलीत गेला. लेखात घर कसं असावं ते असतं. जाहिरातीत सिमेंट, स्टोव्ह, लोखंडी कपाट, फ्लशचं भांडं असतं. परसातला संडास घरात कधी आला, हे कुठल्या अग्रलेखात शोधणार? गटारं आणि नळ पोचल्यावर तो आला, आणि त्याची चाहूल आधी जाहिरातीत लागते. घरांचे नकाशे वाचतानाही मी दिवाणखान्याकडे नंतर बघतो. स्वयंपाकघराला किती खिडक्या, मागच्या दाराशी धुण्याची जागा आहे का, चुलीचा धूर जातो कुठे, हे आधी. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला त्या नकाशात काय मिळालं, ते तिथे कळतं.

एक गोष्ट मात्र या कागदांत जवळपास नाहीच: गवंड्याची विद्या. आपल्या बंगळुरूतल्या जयनगरची पायाभरणी १९४८ची. तिथल्या किंवा मल्लेश्वरमच्या जुन्या घरातली लाल जमीन पाहा. सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड कालवायचं, थर ओला असतानाच थापीनं घोटत राहायचं, मग कित्येक दिवस पाणी मारायचं. वेळ चुकली की डाग नाही तर तडा. नावाजलेल्या मासिकांना त्या हातांची दखल घ्यावीशी वाटली नाही, ही त्यांची मोठी उणीव आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. आपल्यापैकी प्रत्येकानं पाडकामाची नोटीस लागलेलं एक तरी घर पाडण्याआधी मोजावं, जुन्या गवंड्याला शेजारी बसवून त्याची पद्धत त्याच्याच शब्दांत, मग ते कानडी असोत की तमिळ, लिहून घ्यावी. ज्यांच्या माळ्यावर ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मार्ग’ यांचे जुने अंक असतील, त्यांनी ते जाहिरातींसकट, पान न पान स्कॅन करू द्यावेत. मोजणीचे कागद आणि स्कॅन एकत्र ठेवण्याची जबाबदारी पुढचं वर्षभर मी स्वतः घेतो. नावनोंदणी आज दुपारच्या सत्रातच सुरू करू.