अगत्तीच्या उथळ पाण्यात

कोचीहून निघालेलं छोटं विमान दीडेक तासाने खाली झुकतं, तेव्हा अगत्तीची धावपट्टी समुद्रावर टाकलेल्या फळीसारखी दिसते. लक्षद्वीपची बेटं 36, वस्ती मात्र अगत्तीसह 10 बेटांवरच. जायला परवाना लागतो. तो आधीच काढलेला बरा.

बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाच्या कडेने अडवलेलं शांत, उथळ पाणी आहे. पोहता न येणाराही लाइफ जॅकेट घालून, तोंडात स्नॉर्कलची नळी धरून इथे पालथा तरंगतो. कान पाण्याखाली गेले की करकर ऐकू येते. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असतो! पोटात गेलेला चुना तो बारीक वाळू करून मागे सोडतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूत तीही असते. अनवाणी फिरणाऱ्या नवदांपत्याला हे सांगावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

हिरवं कासव मात्र शाकाहारी. तळाचं समुद्रगवत चरायचं, मधूनच श्वासाला वर यायचं. अगत्तीत कासवं इतकी वाढली की गवताची कुरणं उजाड झाली. त्या गवतात वाढणारे मासे घटले, आणि मच्छीमार कासवांवर वैतागले.

1998, 2010 आणि 2016 साली समुद्र तापून इथले प्रवाळ पांढरे पडले. काही सावरले, काही नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी वाटाड्या बजावतो: पाय टेकायचे ते वाळूवरच.