चालणारा कोड आणि निर्दोष कोड



सोलापूरची आपली मुले आज वेबसाइटचे कोड लिहीत आहेत, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. परंतु कोड चालला म्हणजे तो निर्दोष झाला असे नव्हे. ओवास्प ही संस्था २००३ पासून अशा कोडमधील नेहमीच्या धोक्यांची यादी काढते. २०१७ च्या यादीत पहिला धोका होता, रकान्यात भरलेला मजकूरच डेटाबेसला हुकूम म्हणून जाण्याचा. २०२१ मध्ये पहिला आला, परवानगी नीट न तपासण्याचा. पत्त्यातील अर्ज क्रमांक १०१ चा १०२ केला की दुसऱ्याच विद्यार्थ्याचा जातीचा दाखला उघडतो! तिसरा दोष आपल्या पोरांना फार महागात पडतो. नोंद झालेलीच नसते आणि पडद्यावर ‘अर्ज जमा झाला’ असे येते. मुदत संपते, शिष्यवृत्ती जाते.

बँकेत आम्ही एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पास करीत नाही. कोडही सोबत्याकडून वाचून घ्यावा. आलेला मजकूर आणि मागणाऱ्याचा अधिकार, दोन्ही सर्व्हरवर तपासावेत. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, ही कालाम सुत्तातील तथागतांची शिकवण येथेही उपयोगी आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!